फुटाण्यांवर झालेली निवडणूक

नातवंडांनो, तिकडे परदेशात तुमची शाळा सप्टेंबरात सुरू होते आणि पुण्याच्या तुमच्या मावसभावंडांची जूनच्या मध्यावर. आमच्या विदर्भातलं ऊन लवकर हटत नाही, म्हणून इथली घंटा जूनच्या अगदी शेवटी वाजते. यंदाही तशीच वाजली. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. पहिलीच्या पोरांच्या तळपायांना कुंकवाचं पाणी लावून कागदावर ठसे घेतले. नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुटले आणि दुपारी खिचडीबरोबर शिरा झाला. मी सोमवारी आणि गुरुवारी सहावी-सातवीला इंग्रजी गोष्टी वाचून दाखवायला जाते, म्हणून मलाही एक गुलाबाचं फूल मिळालं.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते निवडणुकीबद्दल. तुमच्या शाळेत जशी स्टुडंट कौन्सिल, तसं आमच्याकडे शालेय मंत्रिमंडळ. मुख्यमंत्री असतो, शिक्षणमंत्री असतो, स्वच्छता मंत्री असतो, आणि सगळ्यांत वजनदार खातं म्हणजे पोषण आहार मंत्री. वजनदार अशासाठी की खिचडी करणाऱ्या मावशी चुलीवरून पातेलं उतरवतात तेव्हा पहिली ताटली या मंत्र्याला मिळते, चव बघायला. मंत्र्यांची नावं हेडसरांच्या खोलीबाहेरच्या निळ्या फलकावर ऑइल पेंटने लिहितात आणि ती पुढच्या जूनपर्यंत तिथेच राहतात.

पहिल्या दोन दिवसांत सगळी खाती वाटून झाली. तिसऱ्या दिवशी कळलं की आहारमंत्री झालेला मुलगा मामाकडे मोताळ्याला शिकायला निघून गेला. झालं, एका खात्याची निवडणूक लागली. हेडसर माझ्याकडे आले.

"काकू, निवडणूक अधिकारी तुमीच व्हा. आमी मास्तर लोकं काही बी केलं का गावातले म्हनतात, नातं पाह्यलं."

मी हो म्हटलं, पण नियम माझे असतील असंही सांगितलं. त्याच संध्याकाळी फुलस्केप कागदावर समास आखून नियम लिहिले. प्रत्येक उमेदवाराला एक सूचक हवा, त्याची सही हवी. आणि आश्वासन असं द्यायचं जे उमेदवाराला स्वतःच्या हाताने पूर्ण करता येईल. गेल्या वर्षी कोणीतरी शाळेत पोहण्याचा तलाव बांधून देणार होतं आणि निवडूनही आलं होतं, म्हणून हा दुसरा नियम.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला दोघं आले. एक आठवीतला, माजी सरपंचांचा नातू, सूचक म्हणून तीन मित्र घेऊन. दुसरी सातवीतली, चौकातल्या किराणा दुकानवाल्यांची मुलगी. मग बऱ्याच वेळाने सातवीतलीच एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तिला मी ओळखत नव्हते. ती कालच दाखल झाली होती. तिचे आईवडील सोनाळ्याकडचे. दुसऱ्याची शेती बटाईने घेऊन भाजीपाला करतात, आणि जिथे विहिरीला पाणी आणि मालकाला गरज तिथे बिऱ्हाड नेतात.

"तुझा सूचक?" मी विचारलं.

"मले कोनी वयखतच नाही, आजी."

"मग कशाला उभी राहतेस? पुढच्या वर्षी राहा."

"पुढच्या वर्षी आमी कुठी राहू, काय मालूम."

मग तिने मला जे सांगितलं ते तिने रडून सांगितलं असतं तर मी इतकी हलले नसते. तिने ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ही तिची चौथी शाळा. आधीच्या शाळांत गुरुजी हजेरीपटावर तिचं नाव पेन्सिलीने लिहायचे, कारण ही मुलगी केव्हा जाईल याचा नेम नाही. आल्या दिवशीच तिने निळा फलक पाहिला होता. हात लावून पाहिला, घासूनही पाहिला. रंग निघाला नाही.

"त्याच्यावर लिहेल नाव मिटत नाही ना, आजी?"

"नाही मिटत."

"मंग मले तेच पाह्यजे."

मी चष्मा पुसला आणि सांगितलं की नियम म्हणजे नियम, मधल्या सुट्टीपर्यंत सूचक आण. मधल्या सुट्टीत ती अर्ज घेऊन आली. खाली सही होती किराणावाल्यांच्या मुलीची.

मी तिला बोलावून घेतलं. "अगं, तू स्वतः उमेदवार आहेस. समोरच्याची सूचक कशी होतेस?"

"तुमच्या कागदावर तसं कुठी लिहेल हाय? हे सगळ्यायले विचारून राह्यली होती, कोनी सही देत नोतं. मंग म्याच देल्ली."

मी माझा कागद वाचला, वरून खालपर्यंत. खरंच लिहिलेलं नव्हतं. अर्ज मंजूर केला.

शुक्रवारी सकाळी परिपाठानंतर भाषणं झाली. सरपंचांच्या नातवाने सांगितलं की तो रोज खिचडीवर लिंबू पिळून देईल, त्यांच्या मळ्यात लिंबाची झाडं आहेत. टाळ्या पडल्या. किराणावाल्यांची मुलगी म्हणाली की ती रोज ताटल्या मोजेल. चार-दोन टाळ्या. नवी मुलगी उठली आणि म्हणाली, "मी पहिली ताटली घेनार नाही. सगळे जेवल्यावर जेवीन." आणि बसली. मग पाचवीच्या रांगेतून एक आवाज आला, "मंग चव कोन पाह्यनार बे?" आणि सगळी शाळा हसली. टाळ्या मात्र हसण्यानंतर पडल्या, आणि बऱ्याच पडल्या. नातवाने मागे वळून मित्रांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काळजी पाहिली.

मतदान हेडसरांच्या मोबाइलवर होतं. आजकाल त्यासाठी अॅप असतं. बटण दाबलं की खऱ्या यंत्रासारखा लांब आवाज येतो. मी पन्नास मतदारांची यादी केली होती, पाचवी ते आठवीची. पडदा म्हणून ऑफिसातली चादर बांधली. मी यादीवर खूण करायची, मुलाच्या बोटाला मार्करचा ठिपका द्यायचा आणि त्याला आत सोडायचं. अर्धीअधिक यादी झाली असेल. पाचवीतला एक मुलगा आत गेला, आणि लांब आवाजाऐवजी फोनची रिंग वाजली. मी उठेपर्यंत त्याने फोन उचलला होता.

"हॅलो. सर भाईर हाय. हितं मतदान चालू हाय... हाव... हाव... सांगतो."

तो पडद्याबाहेर आला. "सर, येतांना दही घेऊन या म्हने."

हेडसरांनी फोन हातात घेतला तेव्हा अॅप बंद पडलं होतं. उघडून पाहिलं तर सगळ्या उमेदवारांसमोर शून्य. ज्याने फोन उचलला त्याला काही कोणी बोललं नाही, त्याने निरोप तर बरोबर दिला होता. हेडसर म्हणाले, उद्या घेऊ. मी म्हटलं, आजच घेऊ, जेवणानंतर, पहिल्यापासून. उद्यावर गेलं की रात्रीतून घराघरांत बोलणी होतात, हे मला या गावात येऊन चाळीस वर्षं झाल्यामुळे ठाऊक आहे.

त्या जेवणाची गंमत तुम्ही पाहायला हवी होती. नवी मुलगी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. सरपंचांचा नातू धावत तिच्या मागे. ती निघून त्याच्या मागे. तो पुन्हा तिच्या मागे. त्याला वाटलं, आपणही शेवटी जेवलो की हिशेब बरोबर. किराणावाल्यांच्या मुलीलाही मग राहवलं नाही, तीही शेपटाला लागली. रांगेचं तोंड चुलीकडे आणि शेपूट मागे मागे सरकत निंबाच्या झाडाला वळसा घालून थेट हातपंपापर्यंत. मावशी डाव हातात घेऊन ओरडल्या, "अरे, जेवाले आले का लपाछपी खेयाले? खिचडी थंडी होऊन राह्यली!"

पुढे पहिलीची पोरं गरम ताटल्या धरून चटके खात होती. एकाची ताटली कलंडलीही. नव्या मुलीने ते पाहिलं आणि रांग सोडून दिली. ती पुढे गेली, ओढणीचं टोक हातावर घेतलं आणि एकेका लहानग्याची ताटली उचलून सावलीत नेऊन ठेवू लागली. मागे नातू शेवटी उभा राहण्यात यशस्वी झाला. ताटली घेऊन माझ्यासमोर आला.

"आजी, म्या शेवटी जेवलो. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही, कारण तसा रकाना नव्हता. नवी मुलगी कुठल्याच रांगेत नव्हती. मावशींनी सगळं आटोपल्यावर तिला हाक मारली आणि पातेल्याच्या तळाची खरवड काढून दिली. तिने ती चुलीजवळ बसून खाल्ली. मला ते दिसलं. इतर कोणाला दिसलं की नाही, हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

आता मतं कशावर घ्यायची? चिठ्ठ्या केल्या तर पाचवीतले उमेदवाराच्या नावासोबत स्वतःचंही नाव लिहितात, हा जुना अनुभव. दाणे वापरावे म्हटलं, पण कोठीतल्या धान्याला हात लावायचा नाही, त्याची नोंद असते. शेवटी मी किराणा दुकानातून फुटाणे मागवले. चादरीमागे तीन पेले ठेवले, प्रत्येकावर उमेदवाराचं नाव चिकटवलं. एका मतदाराला एक फुटाणा. मला वाटलं, काय छान युक्ती सुचली. खारे फुटाणे आणि शाळेतली पोरं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

मोजणी सगळ्यांसमोर केली. किराणावाल्यांच्या मुलीला सहा. नातवाला एकवीस. नव्या मुलीच्या पेल्यातून मी एकेक फुटाणा काढत गेले, आणि एकवीस झाले. तळाला अजून एक दाणा होता. बाहेर काढला तर तो तुरीचा.

"हे कोणी टाकलं?"

मी दाणा वर धरून सगळ्यांना दाखवला. मग पाचवीतल्या एकाने हात वर केला. पेरणीच्या बियाण्यातला दाणा त्याच्या खिशात राहिला होता.

"फुटाणा कुठे आहे?"

"खाल्ला."

"का खाल्लास?"

"खारा होता, आजी."

"तूर बाद, आजी!" सरपंचांचा नातू उभा राहून म्हणाला. "एका मतदाराला एक फुटाणा, तुमीच सांगतलं."

खरं सांगते, त्या क्षणी मला तूर चालवून घ्यावीशी वाटली. त्या मुलाच्या मनात काय होतं हे तर उघडच होतं. नवी मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती, डोळे न हलवता. पण नियम मीच केला होता, आणि नातू बरोबर बोलत होता. मी तूर बाजूला ठेवली. दोघांना एकवीस-एकवीस. हेडसर म्हणाले, चिठ्ठी टाकू.

"थांबा," मी म्हटलं. मी यादी काढली. सवयच आहे, बेरीज केल्याशिवाय कागद मिटत नाही. सहा, एकवीस, एकवीस आणि एक बाद, असे एकोणपन्नास. यादीवर एका नावासमोर खूण नव्हती. मी चष्म्यावरून समोर पाहिलं. किराणावाल्यांची मुलगी खाली मान घालून बसली होती.

"तू मत दिलं नाहीस?"

"नाही देल्लं."

"काऊन?" या वेळी मीच त्यांच्या भाषेत विचारलं.

"सोताले देनं बरं नाही दिसत. अन् दुसऱ्याले देल्लं तं मीच पडन."

"मत सगळ्यांनी द्यायचं असतं. ये."

मी रिकामे पेले पुन्हा चादरीमागे ठेवले आणि तिच्या हातावर एक फुटाणा दिला. ती चादरीमागे गेली. आत पेल्याचा टण्ण असा आवाज झाला. ती बाहेर आली आणि जागेवर जाऊन बसली, कोणाकडे न पाहता. मी तिन्ही पेले उचलून आणले. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं.

नव्या मुलीला एकदम काही कळलं नाही. मग शेजारच्या बाकावरून कोणीतरी तिला ढोसलं, "निवडून आली ना बे तू, उठ!" ती उठली आणि तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे हेडसरांना विचारलं, "सर, लिहिनार केव्हा?"

शनिवारी चित्रकलेच्या सरांनी पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा उघडला. जुनं नाव निळ्या रंगाखाली आदल्या दिवशीच झाकलं होतं. मी पट्टीने दोन बारीक रेघा आखून दिल्या, म्हणजे अक्षर खालीवर जाणार नाही. तिने वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. जागा कमी पडत होती. सरांनी अक्षरं जरा चेपून बसवली, पण एकही गाळलं नाही.

घंटा झाली, पोरं जेवायला धावली. ती फलकासमोरच उभी राहिली. जो कोणी जवळ येईल त्याला म्हणायची, "सरका बे, हात नका लावू, वलं हाय." सरपंचांचा नातूही येऊन वाचून गेला. त्याला तिने एक पाऊल जास्तच मागे उभं केलं.

मी माझी पिशवी घेऊन निघाले. जाताना विचारलं, "जेवलीस का गं?"

"हे नाव सुकलं का मंग जेवीन, आजी."