एकट्याच्या नावावर

उमरग्याकडच्या साखर कारखान्यात रामलिंग कॉम्प्युटरवर बसायचा. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ते नंबर त्या मशीनमध्ये असायचे, आणि ऑफिसातला कुठलाही कारकून ते उघडून बघायचा, वाटलं तर बदलायचासुद्धा. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात ऊस उभ्या उभ्या वाळायला लागला, तसे लोक नंबरावरून हातघाईवर आले. चेअरमननं हुकूम सोडला, "सगळ्यांची परवानगी काढून टाक."

रामलिंगचं फावलंच. त्यानं एकेकाचं नाव उडवलं, खुद्द चेअरमनचंही, आणि सगळा कारभार आपल्या एकट्याच्या नावावर ठेवला. मग त्याचा तोरा काय विचारता! बानूबाई म्हातारी दारात तिष्ठत विचारायची, "माजा नंबर कवा हाय, बाबा?" हा मान वर न करता म्हणायचा, "कळंल तवा कळंल." तिच्या उसाचं पार चिपाड झालं.

चेअरमनची जीप मात्र संध्याकाळी हळूच यायची. "रामलिंग, आमच्या मेव्हण्याचं तेवढं वर घे." कागद नाही, सही नाही. हा खुशीनं घ्यायचा.

बानूबाईनं तक्रार केली आणि जिल्ह्याहून चौकशीला साहेब आले. "नंबर कुणी फिरवले?" त्यांनी विचारलं. रामलिंगनं आशेनं चेअरमनकडं बघितलं.

चेअरमननं सुपारी कातरत सांगितलं, "मला तर ते उघडायचीबी परवानगी न्हाय, साहेब. यानंच काढलीया."

"व्हय," मागं उभे असलेले कारकून एका सुरात म्हणाले. "आमचीबी."