ताईच्या नावावरचा खांब

माझी ताई गाडी शिकवते. एकवीस वर्षं झाली. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातला पहिला गिअर तिच्या शेजारी बसून टाकलाय. आणि त्यातलेच काहीजण पुढची गाडी जरा अडखळली की म्हणतात, "बाई असणार बघ." शिकायला येणारे तरीही आधी विचारायचे, "सर नाहीत का?" मग ड्रायव्हिंग स्कूलचे मालक ताईच्या रेकॉर्डचा कागद पुढे करायचे. एकवीस वर्षांत एक ओरखडा नाही! त्या कागदावरच तिची नोकरी उभी होती. तिथल्या दुसऱ्या शिकवणाऱ्या सरांनी दोनदा गाडी ठोकली, त्यांना कुणी कागद मागितला नाही.

आणि घरी? घरी गाडी भावजी चालवणार. "तू दिवसभर दमतेस, बस शेजारी," म्हणायचे. कसलं दमणं न कसलं काय! बायको चालवतेय आणि आपण शेजारी बसलोय, हे चारचौघांना दिसायला नको, एवढंच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की पारा चढायचा. "मला सगळं दिसतं!" दिसतंय कपाळ! रस्ते पाठ होते त्यांना, नुसते पाठ. ताई दोन वर्षं किल्ली मागत होती. आधी गोडीनं, मग भांडून. भांडायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा नुसती दारात हात पुढे करून उभी राहायची.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की ताई तो दाबायची, आणि त्याला वाटायचं आपणच थांबवली. घरच्या गाडीत तसलं काही नाही. तरी भावजींच्या शेजारी बसली की तिचा पाय दाबायचाच. त्या सीटपुढच्या मॅटला झिजून झिजून भोक पडलंय.

त्या रविवारी आम्ही तिघं दवाखान्यात आत्याला बघून परतत होतो. मी मागे. बँकेच्या कोपऱ्यावर आदल्याच आठवड्यात लोखंडी खांब रोवले होते. भावजींनी वळण घेतलं ते नेहमीसारखं, पाठ होतं तसं. ताईनं पाय दाबला. जीव खाऊन दाबला. हँडब्रेक हाताशी होता, तो ओढायचं तिला सुचलंच नाही. गाडी धाडकन खांबावर. खांबाशेजारी पिशवी घेऊन एक आजोबा उभे होते. त्यांना काही लागलं नाही, पण ते मटकन खालीच बसले.

गर्दी जमली. आम्ही उतरलो. कुणीतरी लगेच म्हणालं, "बाईंनी ठोकली वाटतं." वाहतूक पोलीस आला, आम्हा तिघांकडे पाहिलं आणि सरळ ताईला म्हणाला, "मॅडम, लायसन्स काढा." कोण चालवत होतं, हे विचारलंसुद्धा नाही मेल्यानं!

भावजींनी मान खाली घातली. "हो," म्हणाले, "हीच चालवत होती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तोच ताईनं माझं मनगट दाबलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. रागानं नाही हो, राग परवडला असता. दमून बघत होती.

मग त्यांना जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "किल्ली द्या."

"अगं, इथे कुठे..."

"द्या. नाहीतर खरं सांगते."

त्यांनी दिली. ताई पोलिसाकडे वळली. "लिहा साहेब. मीच चालवत होते."

दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मालकांनी तिला गाडीवरून काढलं. आता ती वर्गात बसून रस्त्यावरच्या खुणा शिकवते. गाडीवर सर असतात. भावजी तिच्या शेजारी बसून फिरतात आणि दर वळणाला "सावकाश, सावकाश" म्हणतात. लाजही वाटत नाही माणसाला!

मला राहवेना. परवा दुपारी तिच्याकडे गेले आणि भांडलेच. "एकवीस वर्षांचं नाव घालवलंस! एका शब्दानं खरं बोलायचं होतंस. कशाला कबूल केलंस?"

"खरं बोलले असते तर कुणाला पटलं असतं?" ती पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली. "भांडून घरी आलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी हे परत गाडी काढून निघाले असते." कूस वळवून तिनं डोळे मिटले. "ते आजोबा खांबापासून हातभर लांब होते गं. हातभरच. आता जरा पडू दे मला."