पिशवी माझी, लाडू तिला

“पिशवी बाजारात न्यायची असते डॉक्टर, पोटाला चिकटवायची नसते!”

हा ओरडणारा मी. नाशिकच्या मार्केट यार्डात मी कोथिंबीर-मेथीचे लिलाव पुकारतो. माझ्या साध्या बोलण्यानेही गंगापूर धरणावरचे बगळे उडतात असं यार्डातले हमाल सांगतात, आणि हमाल कशाला खोटं बोलतील? त्या दिवशी तर मी खरोखरच ओरडत होतो. केबिनबाहेर बसलेल्या पेशंटांनी आपापली पोटं घट्ट धरली असणार.

डॉक्टर शांतपणे कागदावर आतड्याचं चित्र काढत होते. “झालं ओरडून? तुम्हाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. आता आतडं फुगलंय आणि फुटायच्या बेतात आहे. ते काढायचं आणि पोटावर पिशवी लावायची.”

“दिवाळीनंतर पोरीचा साखरपुडा आहे. तो होऊ द्या, मग बघू.”

“साखरपुड्याला तुम्ही हवे आहात की तुमचा फोटो?”

माझी बायको सुनंदा शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “फोटो नको. ह्यांचे फोटो चांगले येत नाहीत.” आणि सही कुठे करायची ते तिने विचारलं.

आता मागचं थोडं सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ता माझ्यासारखंच दार लावून बसलं असेल. मला शौचातून रक्त जायचं. मी ठरवून टाकलं की मूळव्याध. आपल्याकडे खाली काहीही झालं की मूळव्याध, हे निदान करायला डॉक्टर लागत नाही, पानटपरीवाला पुरतो. मग एका वैद्यबुवांकडून काढा आणला. रंग गटारीचा, वास गटारीचा, चवही तीच असावी, फक्त गटारीची चव मी अजून घेतलेली नाही. तो पिऊन मी इतक्या वेळा आत पळालो, की संडासाच्या दाराची कडी झिजून पातळ झाली. लिलावात “एक वार, दोन वार” म्हणायचो आणि तीन वार म्हणायला यार्डातच नसायचो. व्यापारी उभे, माल उभा, पुकारणारा बसलेला.

रक्त दिसलं की लाज बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांकडे जा. काढा नंतर प्या, वाटल्यास झाडाला घाला. झाड मेलं तर मला सांगू नका.

ऑपरेशन झालं. माझ्या पोटावर उजवीकडे जे केलं त्याला इलिओस्टॉमी म्हणतात. मोठं आतडं काढून टाकायचं आणि लहान आतड्याचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर आणून शिवायचं. त्या टोकाला स्टोमा म्हणतात. त्याच्यावर पिशवी. शौचाचा रस्ताच वळवलेला. पिंपळगाव टोलनाक्यावर तरी विचारतात, इथे विचारायची सोय नाही. येईल तेव्हा येतं, पातळ आणि कोमट, आणि मालकाची परवानगी घेत नाही.

मला किळस आली. जगात कुणाला कशाची आली नसेल एवढी. माझ्याच अंगावर, माझ्याच हाताच्या अंतरावर, दिवसरात्र लोंबणारी ती गोष्ट. मी छताकडे बघून झोपायचो. त्या वॉर्डाच्या छताला एक ओल होती, तिचा आकारही मला आतड्यासारखा दिसायला लागला. फिनेलचा वास, शेजारच्या पेशंटचं खाकरणं, बेसिनला चिकटलेला भात, सगळ्याची शिसारी. पण सगळ्यात जास्त स्वतःची.

अशात आत्याचा फोन आला. सायखेड्याला माझ्या वडिलांची बहीण असते. आतोबा गेल्यापासून मळा तीच बघते, आणि अख्ख्या गावाची तब्येतही तीच बघते. वॉर्डात रेंज नव्हती. सुनंदा जिन्यात जाऊन ओरडत होती, “अहो आत्या, पिशवीचं ऑपरेशन झालं! पिशवीचं!”

आता आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, पिशवीचं ऑपरेशन म्हणजे काय. गर्भाशय काढलं, दुसरं काही नाही. आत्याने तेच ऐकलं. मी बसवून घेतली होती आणि गावात सुनंदाची काढून झाली होती. सायखेड्याहून जी मंडळी भेटायला आली, ती वॉर्डात मला पलंगावर बघून म्हणाली, “बायकोच्या काळजीने पार आडवा झाला बिचारा!” आणि सुनंदाच्या हातात शहाळी ठेवून गेली.

दुसऱ्या खेपेला आत्याने डिंकाचे लाडू धाडले. कमरेला ताकद यावी म्हणून. मोठा स्टीलचा डबा, झाकणावर आतोबांचं नाव कोरलेलं. माझ्यासाठी एक शब्द नाही. लाडू मला चालणारही नव्हते. खोबरं, सुकामेवा असलं घट्ट काही अडकलं तर स्टोमाचं तोंड बंद पडतं आणि पुन्हा दवाखाना, असं सिस्टरांनी बजावलं होतं. सुनंदा माझ्यासमोर बसून ते खायची. तूप तिच्या मनगटापर्यंत यायचं.

“सांगू का त्यांना खरं?” तिने विचारलं.

“राहू दे,” मी म्हणालो. “तुझी पिशवी गेली म्हटलं की लोक लाडू देतात. माझी कळली तर नाकाला पदर लावतील.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की डिंकसुद्धा विरघळला असता. पण सांगितलं कुणालाच नाही. त्या दिवसापासून गावचं कुणी आलं की तिला बादली उचलता येईना. बादली उचलली की चार बायका ओरडायच्या.

घरी आल्यावर पिशवी बदलायचं काम तिचं. मी डोळे मिटून, तोंडावर टॉवेल टाकून पडायचो. तरी पिशवी सुटायची. चिकटपट्टीखालून रस झिरपायचा, कातडी सोलवटून लाल व्हायची, आग व्हायची. चादरी बदलून सुनंदा थकली आणि वॉशिंग मशीन तिच्याही आधी. एकदा तेजूच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, होणाऱ्या सासऱ्यांचा फोन आला आणि मी बोलत असताना पिशवीतून असा आवाज निघाला की ते म्हणाले, “तुमच्याकडे म्हैस आहे का?” मी हो म्हणालो. आता लग्नात म्हैस दाखवायची वेळ येणार.

त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, “साखरपुड्याला मी येणार नाही. पंगतीत माझ्या शेजारी कुणाला बसवायचं पाप मी करणार नाही.”

तेजू उठली. स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

सुनंदाने दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या स्टोमा सिस्टरांना फोन केला. हो, अशी एक सिस्टर असते, तिचं कामच पिशवीवाल्यांचं. आम्हाला ते डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं, पण मी तेव्हा छताकडे बघत होतो. तुम्ही बघू नका, ऐका. त्यांनी सांगितलं, महिन्यातून एकदा एका ट्रस्टच्या हॉलमध्ये पोटाच्या पेशंटांची बैठक असते. आतड्याचे, लिव्हरचे, सगळे येतात. या.

मी खिशात रुमाल घेऊन गेलो, नाकाला लावायला. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, पन्नास पिशव्या आणि एक पंखा. दारात श्वास रोखला. आत गेलो आणि कुणाचाच वास नव्हता. चहाचा होता, उदबत्तीचा होता. आणि एक तिसरा वास होता, तो माझाच होता. पिशवी एका कोपऱ्यातून झिरपायला लागली होती.

लोक नेहमीसारखे. जरीची साडी नेसलेल्या एक बाई हसत होत्या. एक गृहस्थ तावातावाने सांगत होते, “मला लिव्हर सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर घट्ट होऊन निकामी होत जातं. आयुष्यात थेंब घेतला नाही. पण लिव्हर म्हटलं की पाहुणे घरात बाटली शोधतात!” चहा वाटणाऱ्या धिप्पाड माणसाला मी विचारलं, “तुमचा पेशंट कोण?”

त्याने ट्रे खाली ठेवला आणि शर्ट वर केला. पिशवी होती. पोटाला चापून बसलेली, कमरपट्ट्याखाली सरळ.

“मीच हाय ना भाऊ. गांगुर्डे. सुरगाण्याची येष्टी चालवतो.”

“घाटात? पिशवी घेऊन?”

“मग काय, पिशवीला आधी उतरवून देऊ? घाट सुरू व्हायच्या आधी रिकामी करायची. निम्मी भरायची वाट नाय बघायची. पॅसेंजरला आजतागायत म्हाईत नाय.” मग त्याने माझ्याकडे नाक वळवून बघितलं. “तुमची मात्र अख्ख्या हॉलला म्हाईत हाय. जा, सिस्टरकडं जा.”

एवढं स्पष्ट मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. लिलावातसुद्धा नाही.

आतल्या खोलीत सुनंदाने सवयीने हात पुढे केला. सिस्टर म्हणाल्या, “वहिनी, हात मागे. काका, टॉवेल काढा. बघा.”

“मला नाही बघवत.”

“तुम्ही कोथिंबीर कशी घेता? डोळे मिटून?”

वर्मावर बोट होतं. मी बघितलं. लाल, ओलसर, देठाकडून कापलेल्या पिकल्या टोमॅटोसारखा. स्टोमा स्वतःहून थोडा हलत होता. पोटातलं सगळं घशात आलं. मी ते गिळलं, कारण घशातून बाहेर काढायला माझ्याकडे दुसरी पिशवी नव्हती.

“लाल आणि ओला म्हणजे चांगला,” सिस्टर म्हणाल्या. “काळा पडला तर मात्र ताबडतोब यायचं.”

“म्हणजे माल ताजा आहे.”

“एकदम. चूक तुमच्या कापण्यात आहे. ऑपरेशननंतर स्टोमा आकसतो. तुम्ही अजून पहिल्या दिवशीच्याच मापाने पिशवीच्या चिकट चकतीला भोक पाडताय. भोवतीची कातडी उघडी राहते, रस तिच्यावर पडतो, ती जळते. माप पुन्हा घ्यायचं. भोक स्टोमाला जेमतेम बसेल एवढंच.”

एवढंच होतं ते. ज्याच्यापायी मी साखरपुडा सोडायला निघालो होतो, ते एक भोक मोठं होतं. मी हातात कात्री घेतली आणि स्वतः कापलं. चकतीची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली. पण घरी जाईपर्यंत गळली नाही. सिडको ओलांडलं तरी गळली नाही. मी रिक्षावाल्याला उगाच एक फेरी वाढवून घ्यायला लावली.

किळस गेली का? नाही गेली. खोटं कशाला सांगू, खोटं मी फक्त बगळ्यांबद्दल सांगतो. आजही पिशवी रिकामी करताना मी तोंड वाकडं करतो. पण तोंड वाकडं करून हात सरळ चालवता येतात, हे मला कळलं. चावून चावून खायचं, मीठ-साखरेचं पाणी पीत राहायचं, हेही कळलं. द्राक्षं मी आता सोलून खातो. नाशिकचा माणूस द्राक्षं सोलताना दिसला तर हसू नका, त्याचं पोट बघा.

बैठकीहून आल्यावर सुनंदाने आत्याचा रिकामा डबा घासून पुसून त्यात माझं सामान भरलं. पिशव्या, चकत्या, पेस्ट, कात्री. घट्ट झाकणाचा, दमट न होणारा, घरात तसा दुसरा डबा नव्हता. आत्या मात्र दर फोनला विचारायची, “माझा डबा कधी देती गं सुनंदा? त्याच्यावर ह्यांचं नाव हाय.” सुनंदा म्हणायची, “रिकामा कसा देऊ आत्या, काहीतरी भरून देते.” खोटं नव्हतं. भरलेलाच होता.

साखरपुडा आत्याच्या मळ्यात झाला. मी गेलो. इस्त्रीचा सदरा, आत कमरपट्टा, बगलेत कापडी पिशवीत तो डबा. व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून पंगतीत बसलो. भात, वरण, तूप. तेजू समोरून बघत होती, पानाकडे नाही, माझ्याकडे. मी एक घास खाल्ला तेव्हा तिने आपल्या पानाला हात लावला.

तेवढ्यात सुनंदाने वरणाचं पातेलं उचललं.

“ठेव खाली!” आत्या मांडवभर गरजली. आमच्या घराण्याचा आवाज कुठून आला ते व्याह्यांना तेव्हा कळलं. “पिशवी काढलेल्या बाईनं वझं उचलायचं असतंय का? लाज नाय वाटत गं पोरांनो, नुसतं बघताय!”

सुनंदा पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. दमली होती. पातेल्यामुळे नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेच मला लागलं.

मी उठलो. भाताचा हात तसाच.

“आत्या! पिशवी तिची काढली नाही! मला बसवलीये! पोटाला! शौचाची! आत्ता अंगावर आहे, आणि तुझ्या डब्यात ह्या पिशवीच्या बहिणी आहेत, आतोबांच्या नावाखाली!”

गोदाकाठचे बगळे उडाले. हे मात्र खरंच उडाले, तेजूला विचारा. वाढपी वाकलेले होते ते वाकलेलेच राहिले. आणि त्या शांततेत माझ्या सदऱ्याखालून पिशवीने स्वतःच साक्ष दिली, खणखणीत. व्याही हळूच म्हणाले, “म्हणजे म्हैस नाही.”

आत्या माझ्यापाशी आली. पोटाकडे बघितलं. नाकाला पदर लावला नाही. कापडी पिशवीतून डोकावणाऱ्या झाकणावरचं नाव तिने अंगठ्याने पुसलं.

“मग डबा राहू दे तुझ्याकडं,” ती म्हणाली. “बस खाली, वरण गार होतंय.”