चौघांची कानबाई

आईला माझं संगीत आवडावं, एवढीच माझी मागणी होती; बाकी जगाशी भांडायला मी समर्थ आहे. पण काही नवीन ऐकवलं की ती भांडी घासता घासता अहिराणीत विचारायची, "कोन वारनं रे?" म्हणजे, कोण गेलं?

म्हणून यंदा मी हट्टाने तिच्या ओळखीचं घेतलं. श्रावणात सुरतेतल्या आमच्या लिंबायतमध्ये खान्देशी घरांतून कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी बायका देवीला डोक्यावर घेऊन, नाचत-गात तापीवर विसर्जनाला नेतात. त्या नाचाचा ठेका मी दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांसाठी लिहिला. ठेका ऐन रंगात आला की सगळं एकदम थांबतं. लांबलचक शांतता. मग चेलो एकटाच हळू पुन्हा सुरू होतो. ती शांतता म्हणजे माझा जीव की प्राण. लहानपणी आमच्या खालच्या मजल्यावर लूमचा कारखाना होता. शांतता मिळायची ती फक्त लाइट गेल्यावर. पुण्याहून आलेली व्हायोलावाली म्हणाली, "सर, एवढं थांबलो तर लोकांना वाटेल आम्ही चुकलो." मी तिच्यावर खेकसलो. पाहुण्या कलाकारावर खेकसू नये हे मला कळतं, पण वेळेवर कळत नाही.

सुरतच्या हॉलमध्ये आई गल्लीतल्या मावश्या-काकवांना रिक्षांत कोंबून घेऊन आली. कानबाईचं आहे म्हटल्यावर सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. ते पाहून मागून आलेल्या गुजराती मंडळींनीही निमूट बूट काढले.

वाजायला लागलं. मी पडद्याआडून फक्त आईकडे पाहत होतो. तिच्या पायाने ठेका धरला होता. मला आभाळ ठेंगणं झालं. मग माझी शांतता आली.

आणि आईने गाणं सुरू केलं.

आमच्या गल्लीची रीतच आहे ती. मिरवणुकीत वाजावाले दमून थांबले की बायकांनी गाणं उचलायचं, देवीची वाट मुकी ठेवायची नाही. सगळ्या मावश्यांनी आईचा सूर धरला. दोघी तर पदर खोचून फुगडीला उतरल्या. चौघे कलाकार गज हवेत धरून माझ्याकडे बघत राहिले. मला आधी भयंकर राग आला, मग हसू आलं, आणि खूण करायची राहूनच गेली. शेवटी चेलोवाल्याने स्वतःच बायकांच्या टाळीवर वाजवायला घेतलं.

कार्यक्रमानंतर आई त्याला म्हणाली, "थकी ग्यात का, भाऊ? आम्ही व्हतूत म्हनीसन निभी गयं." म्हणजे, आम्ही होतो म्हणून निभावलं.

पुढच्या महिन्यात तेच पुण्यात वाजलं. शांतता अगदी मी लिहिली तशी, अखंड. कोणी खोकलंसुद्धा नाही. जाणकारांनी माझा हात हातात घेऊन कौतुक केलं. मला मात्र ती शांतता खायला उठली होती. बाहेर येऊन मी आईला फोन लावला.

"कसं व्हयनं?" तिने विचारलं.

"चांगलं व्हयनं. सगळा गपचूप बठेल व्हतात."

"गानं कोनी उचलं?"

"कोन्हीच नही."

ती माझी समजूत काढत म्हणाली, "जाऊ दे, वाईट नको वाटू दिऊ. पुढला टाइमले आमले संगे लई जाय."