ढिगाऱ्यातल्या माणसाला पावती कसली?

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली, त्यांतलं बरंचसं डोक्यातून पुसट झालं आहे. पण एक प्रकरण आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यात ना रक्त सांडलं होतं ना कुणी चाकू काढला होता. आफ्रिकेतले सिंह बघायला निघालेल्या लातूरच्या काही वयस्कर माणसांचे सहलीचे पैसे एकानं गिळले, एवढंच ते प्रकरण. वरिष्ठांनी त्याला 'किरकोळ' म्हटलं होतं. मी म्हणत नाही.

तेव्हा मी लातूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. क्लासेसचा सगळा भाग आमच्या हद्दीत येत होता. डॉक्टर व्हायला आलेली गावोगावची मुलं, त्यांची वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. त्यामुळे मोबाईल चोरी, रूमवरची भांडणं, घरी न सांगता निघून गेलेली पोरं, हेच आमचं रोजचं काम. एका सकाळी हजेरी संपवून मी खुर्चीत बसतो न बसतो, तोच ठाणे अंमलदार एका बाईंना घेऊन आत आला. मुलींची खानावळ चालवणाऱ्या मावशी होत्या. पदराला हात पुसत उभ्याच राहिल्या.

"सायेब, माझ्या खात्यावर पोरींचे मेसचे पैसे येतेत. हे लाखाचे कुणाचे आलेत, ते बघा बरं. मला रात्री झोप न्हाई."

त्यांच्या खानावळीच्या वर एका टूरवाल्याचं ऑफिस होतं. 'मावशी, माझ्या खात्याला काहीतरी अडचण झालीय, चार दिवस तुमच्या खात्यावर पैसे येऊ द्या, मी काढून घेईन,' असं त्यानं सांगितलं होतं. डोकं मात्र त्यानं चांगलंच चालवलं होतं. खानावळीच्या खात्यात रोज नव्या माणसाकडून पैसे येतात, तिथं कुणाला संशय येणार? पण मोठ्या रकमा आल्या, बँकेतल्या साहेबानं मावशींना दोन प्रश्न विचारले, आणि त्या थेट ठाण्यात आल्या. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, बँकेला पत्र देऊन खात्यावरचे व्यवहार थांबवले आणि पैसे पाठवणाऱ्यांची नावं मागवली. त्यात पहिलंच नाव एका सरांचं होतं.

लातुरात या सरांना ओळखत नाही असा माणूस विरळा. जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही क्लासवाले त्यांचा शब्द मोडत नसत. किल्लारीच्या पट्ट्यातली गरजू मुलं सर घेऊन यायचे, 'हा आपला आहे' एवढंच सांगायचे, आणि फी माफ व्हायची. सर स्वतः त्याच पट्ट्यातले. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती बुडवायला म्हणून त्यांनी आपली लहान मुलगी गावी आजोबांकडे पाठवली होती. पहाटे आजोबाही गेले आणि नातही गेली. सर आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाईच म्हणतात, नोकरीमुळे लातूरला होते, म्हणून वाचले.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दिवाणखान्यात बॅगा भरून ठेवल्या होत्या. वर दोन खाकी टोप्या आणि एक दुर्बीण होती. बाईंनी चहा दिला आणि आफ्रिकेला जाण्याआधी दंडावर घ्यावी लागणाऱ्या पीतज्वराच्या सुईची जागा कौतुकानं दाखवली. त्या सुईसाठी दोघं पार पुण्याला जाऊन आले होते.

"सगळा जन्म मी सिंह फळ्यावर काढला हो," सर हसून म्हणाले. "म्हटलं, एकदा खरा बघू."

मी विचारलं, पैसे खानावळीच्या खात्यावर का पाठवलेत? सर म्हणाले, टूरवाल्यानंच सांगितलं होतं की जंगलात ज्या कॅम्पात उतरायचं त्यांचं खातं बदललंय, डॉलर चढतोय, संध्याकाळपर्यंत रक्कम गेली नाही तर जागा जाईल, म्हणून सगळ्यांचे पैसे आधी या खात्यावर गोळा करू. त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी पाच-सहा जोडपी या सहलीत होती. या टूरवाल्यानं आधी त्यांना राजस्थान, केरळ व्यवस्थित फिरवून आणलं होतं. तरी त्यांच्यातल्या एका डाळमिलवाल्यानं पावती मागितली होती. मोंढ्यातला, धान्यबाजारातला माणूस, त्याची नजर पक्की. त्यावर सरच त्याला भर रस्त्यात बोलले होते, "ढिगाऱ्यातल्या माणसाला पावती कसली मागता?"

कारण टूरवाल्यानं सरांना सांगितलं होतं की तोही भूकंपातला. शेजारच्या गावचा. आई-बाप दोघं ढिगाऱ्याखाली गेले, आपण कोसळलेल्या कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फटीत वाचलो.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला याचं वजन कळणार नाही. भूकंपाच्या गावांत जात, पक्ष, भाऊबंदकी, सगळं आहे. पण 'मी ढिगाऱ्यातून निघालोय' असं कुणी म्हटलं की पुढं प्रश्न विचारायचा नाही, ही रीत आहे. तो माणूस खोटं बोलत असेल हे मनात आणणंसुद्धा पाप समजतात. हे त्या चोरट्यानं नेमकं हेरलं होतं.

मी त्या कॅम्पचा पत्ता टूरवाल्यानं दिलेल्या कागदावरून घेतला नाही, स्वतः शोधून काढला आणि ईमेल पाठवला. उत्तर आलं की या नावांचं कोणतंही बुकिंग नाही, हा एजंट आमच्या ओळखीचा नाही आणि आमचं खातं बदललेलं नाही. ते उत्तर घेऊन मी पुन्हा सरांकडे गेलो. बाई बॅगांवरच्या टोप्या उचलून आत घेऊन गेल्या. सर मात्र म्हणाले, "मग त्या पोरालाही वरच्या कुणीतरी फसवलं असेल."

"सर, फिर्याद द्या."

"नाही साहेब. लोकांनी माझ्या शब्दावर पैसे दिलेत. पुनर्वसनातलं घर विकतो आणि सगळ्यांचे फेडतो. पण त्याच्यावर फिर्याद देणार नाही."

ते घर म्हणजे भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं. त्याच्या एका भिंतीवर मुलीचा फोटो होता. सरांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. मला इतका संताप आला की चहाचा कप मी आदळलाच. बाकीची जोडपी म्हणायला लागली, सर देत नाहीत तर आम्ही कशी देणार? सरकारतर्फे मला गुन्हा दाखल करता आला असता, पण ज्यांचं गेलं तेच जबाब द्यायला तयार नाहीत, तर कोर्टात ते प्रकरण पहिल्याच तारखेला आडवं झालं असतं. पोलिसाचे हात कायद्यानं कमी आणि भल्या माणसांच्या भलेपणानं जास्त बांधले जातात, हे मी तेव्हा पाहिलं.

टूरवाल्याला मी चौकशीला बोलावलं. आला तो रडतच. "साहेब, मीच बुडालो. आफ्रिकेतल्या पार्टीनं मला फसवलं." चोराच्या उलट्या बोंबा. मी विचारलं, पैसे परदेशी कोणत्या बँकेमार्फत पाठवलेस? तर म्हणाला, माणसाकरवी. माणूस कोण? तो आता फोन उचलत नाही. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. आवाज चढवून, टेबल आपटून काही होत नाही, हे मला अनुभवानं माहीत होतं. अशी माणसं पाठ केलेलं बोलतात. त्यांना पाठ न केलेल्या ठिकाणी न्यावं लागतं.

तेवढ्यात हवालदारानं आत येऊन सांगितलं, बाहेर सर आलेत. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता. त्या चोरट्यासाठी! "सकाळपासून बसवलंय म्हणे तुम्ही त्याला, उपाशी असेल," सर म्हणाले.  मी म्हटलं, या आत, बसा तुम्हीही.

सरांना पाहताच त्यानं पाय धरले. "सर, तुम्ही तरी सांगा यांना. आईबाप ढिगाऱ्यात गेलेलं लेकरू मी, मी कुणाला फसवीन?"

भूकंप झाला तेव्हा मी नवा फौजदार होतो. विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून पाठ टेकली नव्हती, तोवर आम्हाला तिकडं रवाना केलं. पुढचे दिवस मी काय पाहिलं ते घरातसुद्धा कधी सांगितलं नाही. त्या दिवसांविषयी मी कुणालाच काही विचारत नसे. पण हा गडी पुन्हा पुन्हा ढिगाऱ्याचंच नाव काढायला लागला, तेव्हा मी शांतपणे म्हटलं, "बरं, आईबापांना अग्नी कुठं दिलास?"

"नदीवर, साहेब."

"दोघांना?"

"हाव. दोघांच्या दोन चिता रचल्या. मीच पाणी पाजलं, मीच अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सावडलं."

 सरांच्या हातातला डबा मांडीवर होता. त्यांनी मान वर केली आणि वर्गात विचारावं तसं हळू विचारलं, "लाकूड कुठून आणलंस रे?"

"वखारीतून, सर."

सरांनी डबा उचलून पिशवीत परत ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, त्या पट्ट्यात वखार राहिली नव्हती. पाऊस लागला होता. माणसं कोण कुणाचं ते ओळखू येत नव्हतं, सगळ्यांना एकत्र ठेवून अग्नी दिला. माझ्या घराचे वासे आणि दाराची चौकट लोकांनी त्यासाठी उपसून नेली, माझी मुलगी त्यातच होती. सावडायला वेगळं काही उरलं नव्हतं." शेवटी म्हणाले, "फिर्याद लिहून घ्या."

 चोरट्याला वाटलं होतं की भूकंप म्हणजे वर्तमानपत्रातला फोटो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी बरेच पाहिले. पण दुसऱ्याची मढी आपली म्हणून सांगून ती तारण ठेवणारा हा पहिलाच. कबूल करायला हरकत नाही, त्या दिवशी माझा हात उचलला जाणार होता. हवालदारानं मध्ये पाण्याचा ग्लास ठेवला, म्हणून राहिला.

सरांनी सही केली तशी बाकीच्यांनीही केली. फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं लावली. पोलीस कोठडीत गडी बोलायला लागला. तो भूकंपाच्या जवळपासचाही नव्हता. आईबाप गावाकडे धडधाकट होते. पैसे त्यानं शेअरच्या सट्ट्यात घातले होते. खात्यात अडवलेली रक्कम कोर्टाच्या हुकमानं लोकांना मिळाली, आधी काढून नेलेली गेली ती गेली. सरांचं घर मात्र वाचलं.

गावातलं एक वर्तमानपत्र या सगळ्यावर 'सिंह बघायला निघाले, गाढव ठरले' असं छापून मोकळं झालं. चौकाचौकात लोक हसले. एवढे शिकलेले, तरी फसले कसे! मला या हसणाऱ्यांचाही राग येतो. फसणारा मूर्ख असतो हे चोराच्या सोयीचं बोलणं आहे. माणूस अकलेनं फसत नाही, जिथं त्याचं काळीज मऊ असतं तिथं फसतो.

म्हणून आता कुणी परदेशी सहलीचं विचारलं की मी गोड बोलत नाही. तुमचा टूरवाला सख्खा मेव्हणा असला तरी कॅम्पला स्वतः विचारा, आणि तो पत्ता त्यानं दिलेला नको, तुम्ही शोधलेला हवा. पैसे कंपनीच्याच खात्यावर टाका. माणसाच्या नावावर, खानावळीच्या नावावर, 'चार दिवसांपुरतं' म्हणून एक छदामही नाही. खातं बदललं म्हणून कुणी कळवलं तर जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय हात हलवू नका. आधी थोडी रक्कम द्या, बुकिंग नक्की झाल्याचं कॅम्पकडून लेखी येऊ द्या, मग बाकीची. क्रेडिट कार्डानं भरलं तर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायची वाट तरी राहते, रोखीत ती नाही. 'आज संध्याकाळपर्यंत' असं जो म्हणेल त्याला उद्या ये म्हणा. सिंह कुठं पळून जात नाहीत. आणि पावती मागा. पावती मागितल्यानं जे नातं तुटतं ते नातं नव्हतंच.

इथवर सगळं मी लोकांना ठणकावून सांगतो. पुढचं मात्र ठणकावून सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर एकदा सरांकडे सहज गेलो होतो. आफ्रिकेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं. आम्ही बोलत असताना दारात एक बाई आल्या, सोबत त्यांची दहावी झालेली मुलगी होती. उमरीहून एसटीनं आल्या होत्या.

"सर, लेकीला डाक्टरकीच्या क्लासला घालायचंय. फीचं जमून नाही राहिलं. तुमी एक शब्द टाकला तर हुईल म्हणले समदे. माझं माहेर तुमच्याच गावचं हाय. मी ढिगाऱ्यातूनच निघाले."

पूर्वीचे सर असते तर त्यांना आत घेऊन आधी पाणी दिलं असतं. सर जागचे हलले नाहीत. चष्मा नीट करत त्यांनी त्या बाईंकडे निरखून पाहिलं.

"तुमच्या माणसांना अग्नी दिला तेव्हा लाकूड कुठून आणलं होतं?"

बाई गोंधळल्या. लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी बारकी हुते सर. पण आमचा चुलता सांगत हुता, तुमच्या घराचे वासे काढले, दाराची चौकट काढली. तेच्यावरच माझी माय गेली. तुमची लेक आन् माझी माय संगंच हुत्या म्हणं."

सर उठले ते भिंतीला धरून.  आतून त्यांच्या पत्नी धावत आल्या आणि त्यांनीच त्या दोघींना हाताला धरून आत नेलं.

त्या मुलीची फी माफ झाली. चोरटा जामिनावर सुटला होता, दुसऱ्या जिल्ह्यात त्यानं पुन्हा दुकान मांडल्याचं कानावर येत होतं. दोषारोपपत्रात मी त्याच्याविरुद्ध पैशांची पै न् पै मांडली होती. पण त्या दुपारी त्याच्यामुळे सरांच्या तोंडून जो संशयाचा प्रश्न बाहेर पडला तो त्यात कुठंच नव्हता, आणि त्याला लावायला आमच्या कायद्यात कलमही नाही.