पेटी तिच्याकडे, डबे माझ्याकडे

दोन डबे, एक पेटी आणि एक तबकडी फिरवणारं यंत्र, एवढाच आमचा संसार होता. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या मैत्रिणीचा. दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो, धंतोलीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. साठीचं दशक संपत आलं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यातलं कुटुंब नागपूर सोडून चाललं होतं आणि त्यांनी सामान विकायला काढलं होतं. आम्ही गेलो होतो टेबलफॅन बघायला. परत आलो ते दोन मोठे विलायती स्पीकर, त्यांचा अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेयर घेऊन. त्या उन्हाळ्यात आम्ही भाजून निघालो, पण एकदाही पस्तावलो नाही.

स्पीकरना आम्ही डबे म्हणायचो आणि अॅम्प्लिफायरला पेटी. पेटीत काचेचे व्हॉल्व्ह होते. ते तापून लालसर होईपर्यंत थांबावं लागायचं. तेवढ्यात चहा व्हायचा. दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्यांची बोलणी जोडून दिल्यावर संध्याकाळी दोघी भिंतीला टेकून बसायचो आणि डब्यांचं ऐकायचो. बोलायचो फारसं नाही. कोणाजवळ न बोलता बसता येणं ही केवढी श्रीमंती आहे, हे ती होती तोवर मला कळायचं कारण नव्हतं.

मग तिचं लग्न ठरलं. नवरा उमरेडच्या कोळसा खाणीत नोकरीला. सामानाची वाटणी करायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, तू सगळंच घेऊन जा. ती उखडली.

"मोठी दानशूर झाली! असं कर. डबे आनि प्लेयर ठेव तुह्याजवळ, पेटी मी नेतो. पेटीबिगर तुहे डबे मुके. म्हंजे मले येनंच पडंल का नाही?"

अशी ती वाटणी झाली. दोघींकडेही अर्धंच राहावं, म्हणजे भेट चुकणार नाही. मला तेव्हा ही युक्ती फार आवडली होती. आम्ही खूप हसलो होतो.

पहिली दोनतीन वर्षं ती खरंच यायची. ते पेटीचं धूड साडीच्या जुन्या धडप्यात बांधून, मांडीवर घेऊन, उमरेडच्या एसटीने. कंडक्टर विचारायचा, बाई, यात काय आहे? ती सांगायची, गाणं आहे. मग तिला दिवस गेले, बाळंतपण झालं, सासू अंथरुणाला खिळली. येणं विरळ झालं आणि मग थांबलं. मी बारशाला उमरेडला गेले होते. घर माणसांनी गच्च भरलेलं. माझ्याशी बोलायला तिला सवड नव्हती, आणि पुढे बोलावणं आलं नाही. न बोलावता जाणारी मी नाही.

गंमत अशी की उमरेडची लाइन रोज माझ्याच हातातून जायची. खाणीच्या ऑफिसचा कॉल, मिरचीच्या व्यापाऱ्याचा कॉल, कोणाच्या तरी मयतीचा कॉल. तारेच्या त्या टोकाला अख्खं उमरेड होतं, फक्त तिच्या घरी फोन नव्हता. मी "बोला, उमरेड" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे.

या सगळ्या वर्षांत मी नवा अॅम्प्लिफायर घेतला नाही. एक्स्चेंजमधल्या बायका म्हणायच्या, एवढे स्पीकर पडून आहेत, काहून नाही घेत? मी म्हणायचे, परवडत नाही. खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. नवी पेटी घरात आणणं म्हणजे ती येणार नाही हे कबूल करणं. तेवढी माझी तयारी नव्हती.

पुढे मी हुडकेश्वरकडे प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. तिकडे तेव्हा शेतंच जास्त होती. प्लॉट स्वस्त होता म्हणून घेतला, असं मी सगळ्यांना सांगितलं. उमरेडच्या गाड्या त्याच अंगाने जातात हे कोणाला सांगितलं नाही. सामान हलवताना हमालाने डबा पाठीवर घेतला आणि विचारलं, "बाई, येवढं जड काय आहे यात?" मी म्हटलं, "काही नाही." म्हटलं आणि माझाच मला असा राग आला की बास. गाणं आहे, असं सांगणारी एक बाई होती. आणि मी त्याच वस्तूला काही नाही म्हणत होते. त्या हिवाळ्यात मी पेटी घ्यायचं ठरवलं.

घराचे हप्ते चालू होते, त्यामुळे हात आखडता होता. एक डबा सायकलरिक्षात घालून मी सीताबर्डी गाठली. शोरूमवाल्याने डब्याकडे आजारी म्हशीकडे बघावं तसं बघितलं. "मॅडम, ये पुराना माल है. नये स्पीकर के साथ पूरा सेट ले जाइए. साहब को भेजिए, मैं समझा देता हूँ." साहेब नाहीत, मीच आहे, असं सांगितल्यावर त्याचा उत्साह मावळला. तिथल्या पेट्या चकचकीत होत्या आणि किमतीही तशाच. मी डबा उचलायला लावला.

दुसरं दुकान लग्नामुंजीला भोंगे भाड्याने देणाऱ्याचं. तो स्वतः अॅम्प्लिफायर जोडून विकायचाही. त्याने एक लोखंडी खोकं पुढे सरकवलं.

"पन्नास वॅटचं आहे, ताई. अख्खा मोहल्ला जागा होते."

"मोहल्ल्याला झोपू द्या," मी म्हटलं. "काही वाजवू नका. नुसतं चालू करा."

मी डब्याला कान लावला. आत विजेची हूं चालली होती, एकसारखी. हे जुने डबे फार कानाचे हलके. आताच्या स्पीकरना ढकलावं लागतं, यांना थोड्या जोरावर पुष्कळ बोलता येतं. त्यामुळे पेटी मोठी नको, पण शांत हवी. तिची प्रत्येक खोड ते जशीच्या तशी सांगून टाकतात. दुकानदाराला हे मान्य होतं, पण पटत नव्हतं.

"उन्हाळ्यात कूलर लावान का नाही? कूलरच्या आवाजात हूं कोन ऐकते?"

"उन्हाळा बारा महिने नसतो," मी म्हटलं.

तो हसला. "तुम्हाले गानं ऐकाचं आहे का गप ऐकाचं आहे, ताई?"

खरं तर दोन्ही ऐकायचं होतं. गाणं सुरू होण्याआधी, व्हॉल्व्ह तापत असताना, आमच्या खोलीत जी शांतता असायची, ती मला या बाजारात शोधायची होती. हे भोंगेवाल्याला कसं सांगणार?

शेवटी मिळाली ती महाल भागातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. कोणीतरी बनवायला सांगून न्यायलाच न आलेली, लहानशी, ट्रान्झिस्टरची पेटी. दहाएक वॅटची. पुढे दोन बटणं आणि एक लाल दिवा. चालू केली, डब्याला कान लावला, तर आत काहीच नाही. मग रेडिओ जोडून बातम्या लावल्या. गाण्यात पेटीचे दोष झाकले जातात, बोलण्यात जात नाहीत; एवढं तरी नोकरीने मला शिकवलं होतं. बातम्या सांगणाऱ्या बाईचा श्वास घेतानाचा आवाजसुद्धा ऐकू आला. मी पेटी घेतली, घरी आणून जोडली आणि पहिली तबकडी लावायच्या आधी खूप रडले.

आणि मे महिन्यात तिचा फोन आला. खाणीच्या ऑफिसातून, थेट माझ्या बोर्डावर. नागपुरात डॉक्टरकडे यायचं होतं, दुपारी तासदोन तास येऊन जाते म्हणाली. मी नेहमीसारखी बाजूला व्हायला गेले आणि मग लक्षात आलं, हा कॉल माझाच आहे.

ती आली. थोडी जाडी झाली होती, केस पांढरे. दारातच म्हणाली, "काहून वं, इतकी वाळली?" हातात फक्त एक पिशवी. भिवापुरी मिरच्या होत्या तिच्यात. मला पिशवीकडे बघताना तिने पाहिलं. मग तिची नजर माझ्या नव्या पेटीवर गेली.

"घेतली तू?"

"घेतली."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. पदराने तोंड पुसत होती की डोळे, ते मला कळलं नाही. "आपली पेटी जळली वं. कवाचीच. कॉलनीच्या गनपतीत आमच्या यायनं भोंग्याले जोडली, अन् गेली. तुले सांगाचा जीव नाही झाला. दरसाली म्हनो, दुरुस्त करून घेऊन जाऊ. पेटीबिगर कोन्या तोंडानं येऊ तुह्याकडे?"

मी तिच्या पेटीसाठी थांबले होते आणि ती पेटीपायीच आली नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, मला पेटी नको होती. त्याऐवजी मी तबकडी लावायला उठले. कूलर घरघरत होता म्हणून तो बंद केला. दोघी भिंतीला टेकून बसलो. थोड्याच वेळात ती घामाने निथळली, पण कूलर लाव म्हणाली नाही. तबकडी संपल्यावर तिने माझा गुडघा थोपटला.

"मानेवरचं ओझं उतरलं पाह्य. आता तुहं माह्यावाचून अडत नाही."

तिने हे मायेने म्हटलं होतं. मी तिला उमरेडच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ती हात हलवत होती, दोन्ही हात मोकळे होते.

घरी आले तर पेटीचा लाल दिवा तसाच जळत होता. मी सवयीने डब्याला कान लावला. हूं नव्हती, खरखर नव्हती, काहीच नव्हतं. फार चांगली पेटी निवडली होती मी. मग उठून कूलर लावला.