दादा मागे ठेवून गेला ते

वाशीच्या क्लिनिकमध्ये काउंटरवरच्या मुलीने "गुजरातहून फोन आहे" म्हणून मला हाक मारली, तेव्हा मी रिसीव्हर कानाला लावून "हां, दादा," असंच म्हणाले. फोन त्याचाच येणार होता. वहिनीला थोड्याच वेळात आत घेणार होते, आणि झालं का ते विचारायला बूथवरून फोन करतो, असं त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. पलीकडून त्याच्यासोबत काम करणारे उरणचे सलीमभाई बोलत होते. क्लिनिकचा नंबर दादाने त्यांच्याकडेही देऊन ठेवला होता. "ताई, तू शिकलेली हायस, धीर धरून ऐक..." माझा सख्खा मोठा भाऊ मिलिंद कंटेनरचा प्लग बसवताना शॉक लागून जागीच गेला होता. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. थँक यू का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.

दादा जासईच्या यार्डात रीफर कंटेनरवर टेक्निशियन होता. रीफर म्हणजे मोठाले फ्रिजच. परदेशी जाणारी कोळंबी, मासळी त्यातून जाते. ती थंड ठेवणं हे त्याचं काम. तो स्वतः पालिकेच्या शाळेत शिकला, पण आईशी भांडून माझं नाव त्याने इंग्रजी शाळेत घातलं. मी मुळातच कमी बोलणारी. घरी पाहुणे आले की तो म्हणायचा, "हिच्या शिक्षणाचा फायदा बघा, हिला आता दोन भाषांत गप्प बसता येतं."

त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्याचं वीर्य तपासून, साफ करून बारीक नळीने थेट वहिनीच्या गर्भाशयात सोडायचं, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. नमुना घरून आणायला सांगितला आणि सूचनांचा इंग्रजी कागद दिला. एरवी बँकेचं पत्रसुद्धा माझ्याकडून वाचून घेणाऱ्या दादाने हा कागद मात्र खिशातच ठेवला. बहिणीला कसा दाखवणार! त्याने आपल्या धंद्याचं ज्ञान वापरलं, आणि बाटली थर्मासात बर्फ भरून खांदेश्वरहून वाशीला नेली.

"अहो, ही काय कोळंबी आहे?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला धरून आणायची होती. थंडीने सगळे शुक्राणू गेले."

"बाई, आमच्याकडे नाशवंत माल असाच पाठवतात," दादा म्हणाला. त्यानंतर वहिनीने ठणकावलं, "पुरे झाली तुमची लाज. पुढच्या वेळी ही आपल्यासोबत आत येणार." अशी मी त्या केबिनमध्ये जाऊन बसले, आणि छताकडे बघत बघत दोघांना सगळं समजावून सांगू लागले.

मग त्याला महिनाभरासाठी गुजरातच्या बंदरावर पाठवायचं ठरलं, नेमकं वहिनीच्या उपचाराच्या महिन्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, जाण्याआधी नमुना द्या, आम्ही तेवढ्यापुरता गोठवून ठेवू. दादा हसायलाच लागला. "म्हणजे मी बरोबरच होतो की!" नुसता बर्फ चालत नाही, त्यात संरक्षक द्रव मिसळून हळूहळू गोठवतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, हे मी त्याला सांगितलं. नायट्रोजनचा तो कॅन पाहिल्याशिवाय दादा हलेना. "लाइट गेली तर?" त्याने विचारलं. याला लाइट लागतच नाही म्हटल्यावर तो कॅनभोवती एक चक्कर मारून आला. "प्लगच नाही... मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?"

त्या दिवशी फोन ठेवून मी वळले तर वहिनी समोरच उभी. मराठीत ते माझ्या तोंडून निघेना. "दादा इज नो मोर," मी म्हणाले. वहिनीला एवढं इंग्रजी कळत होतं. ती खाली बसली नाही. भिंतीला हात टेकून तिने डॉक्टरबाईंना बोलावलं आणि विचारलं, "ते बाहेर काढलंत का?"

सकाळीच काढलं होतं, वितळवून तयारही झालं होतं. "पण आज नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी घरी जा."

"परत गोठवता येतं?"

"नाही."

"दुसरं आहे?"

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही काढलंत तेव्हा हे जिवंत होते ना? मग करा," वहिनी म्हणाली.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला दोन्ही भाषांत काही सुचलं नाही. शेवटी त्यांनी तिला आत घेतलं. नंतर नर्स सांगून गेली, "हलू नका, पोटाला हिसका बसू देऊ नका." वहिनी पंख्याकडे बघत पडून राहिली. तिचा हुंदका घशापर्यंत यायचा, आणि ती तो गिळायची.

दादाला घरी आणलं तेव्हाही ती त्याच्यावर वाकली नाही, ऊर बडवला नाही. जलदानविधीला आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, टिपूस नाय डोल्यात. एवढा गुनी नवरा..." मला खरं कारण सांगता येत नव्हतं. आईला उपचारांचं काही कळू द्यायचं नाही ही दादाची अट होती; आईला कळलं की खांदेश्वरभर कळेल, म्हणायचा. वहिनी पाण्याची बादली उचलत नव्हती, जमिनीवर बसत नव्हती, आणि बायका आपापसात नाकं मुरडत होत्या.

मग एका दुपारी ती बाथरूममधून बाहेर आली आणि दारातच बसली. "आज गेला गं तुझा दादा," म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने रडली की आई पोळपाट टाकून धावत आली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वहिनीनेच हुंदक्यांमधून तिला सगळं सांगितलं, अगदी आज पाळी आली तेसुद्धा. मला वाटलं, आई संतापेल. ती पिठाच्या हातांनी तशीच उभी होती...

"म्हंजे एवढे दिवस तो घरात होता," ती म्हणाली, "आनि तुमी मला सांगितलं नाय?"

मग ती खाली बसली आणि तिने वहिनीच्या पोटावर हात ठेवला. पिठाचे पाच पांढरे ठसे साडीवर उमटले. वहिनीने ते झटकले नाहीत. आता पोटात काही नाही हे आईला माहीत आहे. तरी स्वयंपाकघरात वहिनीजवळून जाताना तिचा हात अजून तिथे जाऊन टेकतो, आणि तो उचलेपर्यंत वहिनी थांबून राहते.